जुन्या घराचे फाटे आणि लेकरांचं बसणं



आज धानाची नोंद नाही. रोवणा आटोपला, बांध्यांत पाणी धरलं आहे. खोडकिड्याचं काय ते पुढच्या आठवड्यात पाहू. आज घरातल्या भंगारातून लेकरांसाठी पिढं, टेबल, खाट कशी बनवायची याबद्दल लिहितो. विषय हलका वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. यात फवारणीचाही मुद्दा आहे, म्हणून आमच्या कृषी सहायक मंडळींनीही वाचावं.

आमच्या मूल-सिंदेवाही पट्ट्यात घरकुल मंजूर झालं की जुनं कवेलूचं घर उतरवतात. मातीच्या भिंती पडतात, कवेलू गोठ्यावर जातात, आणि फाटे, मयाली, दाराच्या चौकटी सांदवाडीत ढीग लागून पडतात. त्यात आजोबाच्या काळचं सागवान असतं, ऐन असतं, बीजा असतो. एक पावसाळा ते भिजतं, दुसऱ्या पावसाळ्यात उधई लागते, उरलेलं चुलीत जातं. आपल्याच जिल्ह्यातलं सागवान 2023 च्या मार्चमध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी वाजतगाजत गेलं. आपल्या सगळ्यांना अभिमान वाटला. आणि त्याच जातीचं, साठ-सत्तर वर्षं छपराखाली मुरलेलं लाकूड आपण पाणी तापवायला जाळतो. घरातलं लेकरू मात्र फरशीवर पोटावर पडून अभ्यास करतं, नाही तर मोठ्यांच्या खुर्चीत बसून पाय लोंबकळवतं.

लेकरांच्या मापाच्या वस्तू आपल्याकडे नव्हत्या असं नाही. पांगुळगाडा आठवतो का? तीन चाकांचा, लेकरू धरून चालायला शिकायचं. पाळणा होता, बुटकं पिढं होतं. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी तर आजही आहे. हे सगळं सुतार उरलेल्या लाकडातूनच बनवायचा. वखर-नांगराला लाकूड तासलं की उरलेल्या तुकड्याचा नंदी व्हायचा, आणि तो दोरीनं ओढताना तान्ह्या पोरालाही जड जाऊ नये इतकाच मोठा ठेवायचा. म्हणजे मोठ्याची वस्तू छोटी करून लेकराला द्यायची नाही, लेकराचं माप घेऊन बनवायची, ही अक्कल गावच्या सुताराजवळ आधीपासून आहे.

हीच गोष्ट जगात एका डॉक्टर बाईनं शाळेत आणली. मारिया मॉन्टेसरी तिचं नाव. 1907 साली इटलीत, रोमच्या एका गरीब वस्तीत तिनं बालकांचं घर उघडलं. तिथं जमिनीला ठोकलेली बाकं ठेवली नाहीत. लेकराला स्वतः उचलून नेता येईल अशा हलक्या खुर्च्या आणि बुटकी टेबलं ठेवली. तिचं म्हणणं सोपं होतं. वस्तू लेकराच्या मापाची असली की ते दर गोष्टीला मोठ्याला हाक मारत नाही, आपलं आपण करतं. तो विचार आपल्या देशात गिजुभाई बधेकांनी भावनगरला 1920 साली बालमंदिर काढून आणला, आणि त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी तो महाराष्ट्राच्या खेड्यात नेला. 1945 साली ताराबाई आणि अनुताई वाघ बोर्डीला गेल्या. आज ते पालघर जिल्ह्यात येतं. पुढे जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर काम वाढलं.

तिथली लेकरं आदिवासी, घरची परिस्थिती आपल्या एटापल्ली-भामरागडसारखीच. मॉन्टेसरीचं सामान विकत आणायला पैसा कुठला? मग या दोघींनी दगड, शिंपले, बिया, पानं, काड्या यातूनच शिकवायचं सामान केलं. लेकरू शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, यातून अंगणवाडीची कल्पना निघाली. गुरं चारणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली, तिला कुरणशाळा म्हणायचे. सरकारची बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला देशात 33 ठिकाणी सुरू झाली, तिच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. मला यात एक दिसतं. गरिबीतून, आजूबाजूच्या वस्तूंतून लेकरांचं चांगलं सामान होऊ शकतं. पण त्या दोघी जे उचलायच्या ते निवडून उचलायच्या. शिंपला, दगड, बी, यात विष नव्हतं.

आपल्या घरच्या भंगाराचं तसं नाही. म्हणून मी दोन प्रश्न धरून चालतो. पहिला, ही वस्तू आधी काय होती? दुसरा, लेकराचं माप घेतलं का?

दुसरा प्रश्न सोपा आहे म्हणून आधी तो सांगतो.

माझी नात चार वर्षांची. यंदा उन्हाळ्यात आमच्या जुन्या घराचा मागचा भाग उतरवला, तेव्हा सुतारभाऊला बोलावलं. म्हटलं, "नातीसाठी एक पिढं अन् टेबल पाहिजे." तो म्हणाला, "भाऊ, माप आणा. अंदाजानं मी बैलाची जू बी करत नाई."

माप काढायला टेप लागत नाही. विटा घ्या. आपल्याकडची वीट साधारण 3 इंच जाडीची. एकावर एक विटा रचा, वर फळी ठेवा, लेकराला बसवा. तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, आणि मांडी ना वर चढली पाहिजे ना खाली उतरली पाहिजे. नातीचं तीन विटा आणि एक इंच फळी, म्हणजे 10 इंचांवर बरोबर बसलं. नंतर एका शिक्षक मित्रानं सांगितलं की युरोपात शाळेच्या खुर्च्यांची जी मापं ठरवली आहेत, त्यात 93 ते 116 सेंटिमीटर उंचीच्या लेकरासाठी बैठक 26 सेंटिमीटर आणि टेबल 46 सेंटिमीटर आहे. 26 सेंटिमीटर म्हणजे 10 इंचांहून जरासं जास्त. आपल्या विटा काही चुकल्या नाहीत. त्याहून थोड्या मोठ्या, म्हणजे 108 ते 121 सेंटिमीटर उंचीच्या लेकराला बैठक 31 आणि टेबल 53 सेंटिमीटर.

यातली एक गंमत पाहा. 46 सेंटिमीटर म्हणजे 18 इंच. आपल्या घरातल्या मोठ्या माणसाच्या खुर्चीची बैठक साधारण तेवढीच उंच असते. म्हणजे जी आपली बसायची जागा, ते चार वर्षांच्या लेकराचं टेबल. पाठ मोडलेली जुनी लाकडी खुर्ची असेल तर पाठ कापून टाका, वर फळी ठोका, टेबल तयार. लेकराला त्याच खुर्चीत बसवून पुढे मोठं टेबल ठेवता, तेव्हा त्याला मान वर करून आणि खांदे उचलून लिहावं लागतं. मग आपणच म्हणतो, पोट्टं अभ्यासाला टिकत नाही.

सुतारभाऊनं फाट्याचे तीन तुकडे पाय म्हणून घेतले. मी विचारलं, तीनच का? तो म्हणाला, "सारवलेली जमीन कुठं सपाट असते? चार पायाचं डुगडुगते, तीन पायाचं कधीच नाई." खरं आहे. फक्त तीन पायाचं पिढं कडेला जोर पडला की कलंडतं, म्हणून पाय बाहेरच्या बाजूला तिरपे पसरून बसवले आणि बैठक पायांच्या घेराच्या आत ठेवली. खिळा एकही मारला नाही. भोक पाडून दांडा ठोकला, वरून पाचर मारली. कडा सगळ्या गोल केल्या. नात ते पिढं एका हातानं उचलून चुलीपासून ओसरीपर्यंत नेते. सूनबाई म्हणते, "आता भाकरीच्या वेळी मांडीवर चढत नाई, आपलं पिढं घेऊन शेजारी बसते."

आता पहिला प्रश्न, ही वस्तू आधी काय होती.

आमच्याच गावातली गोष्ट, नाव लिहीत नाही. एका तरुण पोरानं मोबाईलवर पाहून पोराला बसायचं आसन बनवलं. 20 लिटरची प्लास्टिकची कॅन आडवी कापली, पुढच्या बाजूला पायासाठी दोन भोकं, कडा दिव्यावर धरून गुळगुळीत केल्या, वरून प्राण्यांची चित्रं चिकटवली. दिसायला सुंदर. त्याचं पोरगं सव्वा वर्षाचं. दात येण्याचे दिवस, त्यामुळे कॅनची कड सारखी तोंडात. मी ओसरीवर बसलो होतो. विचारलं, "कॅन कशाची रे?"

"तणनाशकाची, काकाजी. पण पक्की धुतली हाये. साबण टाकून तीनदा."

"अन् धुतलेलं पाणी?"

"नालीत टाकलं."

मी त्याला सांगितलं ते इथंही सांगतो. विषाच्या कॅनचं प्लास्टिक आतून थोडं औषध शोषून घेतं. तीनदा धुतल्यानं तळाला राहिलेलं औषध निघतं, प्लास्टिकमध्ये मुरलेलं सगळं निघत नाही. लेकराचं वजन कमी, त्या मानानं अंगाची कातडी जास्त, आणि हात दर मिनिटाला तोंडात. आपल्याला जे जाणवणार नाही ते त्याला जड जाऊ शकतं. लेबलवरचा त्रिकोण लाल असो, पिवळा असो, निळा असो की हिरवा, हिरवा म्हणजे गोड नव्हे. तो सगळ्यात कमी विषारी, एवढंच. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, ते आपण विसरलो नाही. तिथं धडधाकट माणसं होती.

पोरगा ऐकून घेत होता, पण त्याला पटत नव्हतं. मेहनतीनं बनवलं होतं ना. तेवढ्यात आतून त्याची बायको बाहेर आली. तिनं पोराला कॅनमधून उचलून कडेवर घेतलं आणि विचारलं, "काकाजी, मंग रोवण्याच्या बायांले वावरात प्यायचं पाणी नेतो ती पाच लिटरची कॅन? ते बी तसलीच हाये."

मला काही सुचेना. आम्ही लेकराच्या आसनाचं बोलत होतो आणि त्याच कॅनचं पाणी दहा-बारा बाया दिवसभर पीत होत्या. त्यात कोणाच्या पोटात लेकरू असेल, कोणी अंगावर पाजणारी असेल. मी घरी आलो आणि आमच्या गोठ्यातल्या, वावरातल्या सगळ्या कॅन काढून पाहिल्या. तुम्हीही आज काढून पाहा. लेबल निघालं असेल आणि आत काय होतं हे घरातल्या कोणालाच सांगता येत नसेल, तर ती कॅन पाण्याला नाही, ताकाला नाही, मिठाला नाही आणि लेकराला तर नाहीच नाही.

कायदाही हेच सांगतो. कीटकनाशक नियम 1971 मधला 44 वा नियम असा आहे की औषधाचे रिकामे डबे, बाटल्या पुन्हा वापरात येतील अशा बाहेर टाकून ठेवू नयेत, फोडून वस्तीपासून दूर पुराव्यात. धुताना तीनदा खंगाळून ते पाणी नालीत न टाकता फवारणीच्या पंपातच ओतायचं, म्हणजे औषधही वाया जात नाही. त्यानंतर कॅनला खिळ्यानं चार-सहा भोकं पाडायची. भोक पडलेल्या कॅनमध्ये कोणी पाणी भरत नाही. आमच्याकडे दुकानदार रिकाम्या कॅन परत घेत नाहीत आणि गावात गोळा करायची सोय नाही. कृषी विभागाच्या मंडळींना विनंती, फवारणीची सभा घ्याल तेव्हा औषधाच्या मात्रेसोबत रिकाम्या कॅनचंही बोला. ते सभेत कोणी बोलत नाही.

त्या घरी मी उरलेल्या फाट्याचं एक पिढं पाठवलं, पुढे आडवा दांडा बसवलेलं, म्हणजे सव्वा वर्षाचं लेकरू घसरणार नाही. आसनाची कॅन त्या बाईनं स्वतः कुऱ्हाडीनं फोडली. सासऱ्याला राग आला, म्हणाला चांगली कॅन वाया घालवली. पाच लिटरच्या जागी त्यांनी स्टीलची कळशी काढली. सासरा अजून माझ्याशी नीट बोलत नाही. चालेल.

आता कोणी विचारेल, मग वापरायचं तरी काय? माझ्या अनुभवातलं आणि सुतारभाऊचं मिळून सांगतो.

1. जुने फाटे, मयाली, चौकटी : सगळ्यात उत्तम. लाकूड वाळून मुरलेलं असतं, वाकत नाही. तुटका खिळा आत राहिला असेल तर रंधा खराब होतो आणि लेकराला लागतो, म्हणून जुन्या स्पीकरचं चुंबक लाकडावरून फिरवून पाहा. ज्याच्यावर जुना तेलरंग आहे ते लाकूड लेकरांसाठी नको. आधीच्या रंगांत शिसं बरंच असायचं. घरगुती रंगात शिसं दहा लाखात 90 भागांपेक्षा जास्त नको हा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीचा रंग घासला की त्याची धूळ लेकराच्या पोटात जाते.

2. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर : आमच्याकडे काहींच्या वाडीत खांब म्हणून आहेत. ते काळ्या तेलात मुरवलेले असतात. कुंपणाला ठेवा, घरात लेकरांसाठी आणू नका.

3. बांबू : चुलीवरच्या माळ्याचा धुरानं काळा झालेला बांबू टाकू नका. धूर खाल्लेल्या बांबूला घुण सहसा लागत नाही. पुसून, घासून घेतला की लेकराची मांडणी, खाटेचे दांडे झकास होतात. ताजा बांबू वापरायचा असेल तर हिवाळ्यात तोडलेला घ्या आणि दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवा, त्यातला गोडवा निघून जातो. घुण त्या गोडव्यालाच येतो. फोडलेल्या बांबूची कड सुरीसारखी कापते, ती घासल्याशिवाय लेकराच्या हाती देऊ नका. शिकायचं असेल त्यांना चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. गावात बुरड असेल तर आधी त्याच्याकडे जा.

4. जुनी लुगडी, सायकलची ट्यूब : बैठक विणायला. लुगड्याच्या पट्ट्या करून वेणी घाला, खाटेला सुतळीसारखी ओढा. ट्यूबच्या पट्ट्या ताणून विणल्या की बसायला मऊ लागतं. गादी पाहिजे तर फाटक्या गादीचा कापूस उन्हात वाळवून भरा.

5. टायर : मोटरसायकलच्या टायरवर दोरी गुंडाळून बैठक होते. तार बाहेर निघालेला टायर नको. बाहेर ठेवणार असाल तर खालून भोकं पाडा. टायरात साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो.

6. पोती : खताचं पोतं धुऊन खालच्या अंथरुणाला चालेल. बियाण्याची पिशवी मात्र नको. बीजप्रक्रिया केलेलं बी असतं, ती लाल-गुलाबी पूड पिशवीच्या आतल्या बाजूलाही लागलेली असते.

7. बंद पडलेला फ्रिज, झाकणाची पेटी : काही जण खेळण्यांची पेटी करतात. फ्रिजचं दार आधी काढून टाका. आत लपलेलं लेकरू दार लागलं की गुदमरतं.

8. खाट-पाळण्याच्या काठ्या : दोन काठ्यांमध्ये तीन बोटांपेक्षा जास्त फट नको. अंग निघतं आणि डोकं अडकतं.

एक सावधगिरीची गोष्ट. आपल्या घराचं लाकूड आपल्या घरी वापरायला अडचण नाही, पण सागवान गाडीत भरून दुसऱ्या गावी न्यायचं असेल तर आधी वनविभागाच्या कार्यालयात विचारून परवान्याचं पाहून घ्या. बांबूचं थोडं सोपं झालं आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानं बांबू गौण वनोपजात आला, आपल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावानं त्यावर ग्रामसभेचा हक्क 2011 साली प्रत्यक्षात मिळवला, आणि 2017 पासून वनाबाहेर लावलेला बांबू कायद्यानं झाड धरला जात नाही.

खर्चाचंही सांगतो, नाही तर म्हणाल हौस आहे. पिढं आणि टेबल मिळून सुतारभाऊची दीड दिवसाची मजुरी झाली. लाकूड घरचंच. बाजारात प्लास्टिकची खुर्ची यापेक्षा स्वस्त मिळते, हे खरं. ती दोन उन्हाळ्यांत तडकते आणि तिचं माप कारखान्यात ठरलेलं असतं. या पिढ्याचे पाय लांब केले, नातीला सहा वर्षांनंतरही चालेल. नाही तर दुसऱ्याच्या घरी जाईल.

सुतारभाऊ एक बोलला ते मनात राहिलं. ट्रॅक्टर आल्यापासून त्याच्याकडे नांगर येत नाही, वखर येत नाही, बंडीची चाकं येत नाहीत. वर्षातून एकदा तान्ह्या पोळ्याला नंदी, तेवढंच काम. त्याचा पोरगा बल्लारपूरला रोजीनं जातो. या उन्हाळ्यात आमचं पिढं पाहून गावातल्या सात घरांनी फाटे आणून दिले. अंगणवाडीच्या ताईंनी स्वतः लेकरं विटांवर बसवून मापं काढली आणि दहा बैठकांचं सामान गावकऱ्यांनी जमा केलं. सहा झाल्या, चार बाकी आहेत. पाऊस उघडला की होतील. सुतारभाऊ म्हणतो, "पंधरा वर्षांनी रंध्याले धार लावली भाऊ."

तर मंडळी, या हिवाळ्यात ज्यांचं जुनं घर उतरणार असेल त्यांनी फाटे चुलीजवळ नेण्याआधी दोन चांगले पाहून भिंतीला उभे करून ठेवावेत, खाली वीट देऊन, म्हणजे उधई चढणार नाही. आणि त्याआधी, आज संध्याकाळीच, वावरात पाणी न्यायची कॅन हातात घेऊन घरात सगळ्यांना विचारा, ही आधी कशाची होती? उत्तर आलं नाही तर तिला भोकं पाडा.